हातवाऱ्यांना बंदी

आधीच सांगते, चूक माझी होती. माझा स्वभाव तापट, आणि त्या वयात तर मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं.

सत्तावन्न साली मी पनवेलला मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. शाळा कसली, भाताचं जुनं गोदाम! बाजारपेठेतल्या, मोहल्ल्यातल्या आणि मिठागरावरच्या आगरी मुली माझ्या वर्गात एकाच तरटावर बसायच्या. ते मी भांडून करून घेतलं होतं. त्याचा मला कोण अभिमान.

त्यात मालू आली. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. तिचा बाप तुळशीराम दारात उभा राहून म्हणाला, "बाई, पोरीला आयकू येत नाय, पन डोकं हाय. बसू द्या तिला." मी घेतली. हेडमास्तरांनी बजावलं, दिवाळीपर्यंत चार शब्द बोलली नाही तर नाव कमी करीन.

मी धास्तावले. मिठागरावर वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून तिथली माणसं बांधावरून हातांनीच सांगतात. पाणी सोड, थांब, जेवायला ये. मालू तसंच बोलायची आणि तिच्या शेजारची हौसा तिला उत्तरं द्यायची. असं चाललं तर ही तोंड कधी उघडणार? मी फर्मान काढलं, वर्गात कोणी हातवारे करायचे नाहीत. मालूनं माझ्या ओठांकडे बघायचं. मी तिच्याकडे बघून तोंड हलवलं की उभं राहायचं. हौसाला दोनदा छडी बसली, मग मी तिला उचलून पुढे बसवलं. मालू मागे भिंतीशी एकटीच राहिली.

गणपती झाल्यावरची दुपार. मी फळ्यावर गणित लिहीत होते. मागून खरखर ऐकू आली, लाकडावर करवत चालावी तशी. वळून बघते तर मालूच्या दप्तराशी फुरसं! अंगाला अंग घासत त्या विषारी सापाचं वेटोळं फिरत होतं. तिच्यापासून जेमतेम हातभर. सगळ्या वर्गाला ते ऐकू येत होतं, तिला सोडून.

"कोणी हलू नका," मी म्हटलं. मुली जागच्या जागी थिजल्या. मालू पाटीवर मान घालून बसली होती. तिनं सहज वर पाहिलं.

"मालू, हलू नकोस!" मी जीव खाऊन ओरडले.

माझं तोंड हललेलं तिला दिसलं. कार्टी खुशीत हसली आणि उठायला तिनं जमिनीवर हात टेकला. दप्तराच्या बाजूचाच.

'थांब'ची खूण मला येत नव्हती. शिकावीशी कधी वाटलीच नव्हती. मी हौसाकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि ती मालूकडे नाही, माझ्याकडे बघत रडत होती.

तेवढ्यात सकीना उठली. मोहल्ल्यातली, कापडवाल्याची, सगळ्यात भित्री पोर. तिनं दोन्ही तळवे हवेत हळूच खाली दाबले. मालू होती तशी थांबली, अर्धी उठलेली, हात टेकलेला.

किती वेळ गेला देव जाणे. मी नुसती त्या इवल्या हाताकडे बघत होते. मग खरखर थांबली. फुरसं भिंतीच्या कडेनं सरकत पाणी जायच्या भोकातून बाहेर गेलं. सकीनानं बोटांनी बोलावलं, तेव्हा कुठे मालू धावत येऊन तिच्याशेजारी बसली.

मी खुर्चीत बसले, तर सकीना टेबलापाशी आली आणि तिनं हात पुढे केला. तळवा वर.

"बाई, मी हात हलवले."

मी विचारलं, "कुठे शिकलीस गं?"

"विहिरीमागे, सुट्टीत. हौसा शिकवते. सगळ्याच शिकतो, बाई. तुम्हाला कळू नये म्हणून लपून."

तिचा हात तसाच होता. मी तो मिटवला आणि मालूकडे वळले. तिला सांगायचं होतं, चुकले गं पोरी. नुसते ओठ हलले.

मालू ताबडतोब उभी राहिली.