विटाळलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. पँटीचा नव्हे! पवनचक्कीवर चढणाऱ्याच्या कमरेला बांधायचा, जाड चामड्याचा, लोखंडी आकड्याचा. मित्रांनो, माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते, ती कशानं ते ऐकून घ्या.

हर्सूलच्या पुढं, सिल्लोडच्या वाटेवर आमचं गाव. तेव्हा औरंगाबादेत कारखाने धडाधड उभे राहत होते, पण आमच्या विहिरीवर वीज नव्हती. म्हणून पाणी उपसायला पवनचक्की आली, तिच्यासोबत मी आलो. वर चढून तेलपाणी करायला दोघं नेमले. बौद्धवाड्यातला कचरू आणि मेंढरं राखणाऱ्या घरातला कडुबा. पट्टा एकच, आळीपाळीनं दोघांच्या कमरेला. शिकवणाऱ्या साहेबानं बजावलं होतं, खालून ब्रेक लावला तरी चक्कीचं शेपूट, म्हणजे वाऱ्याची दिशा धरणारं मागचं पातं, वाऱ्यासरशी गर्रकन फिरतं, तेव्हा आकडा शिडीला अडकवल्याशिवाय हात सोडायचा नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला. कचरू मोर्चाला जाऊ लागला आणि पारावरच्या रिकामटेकड्यांच्या पोटात दुखू लागलं. ते कडुबाला डिवचायचे, "कचरूच्या घामाचा पट्टा बांधतोस, विटाळ होत नाही का?" अरे, पाणी त्यानंच तेल घातलेल्या चक्कीचं पिता की! जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! पण कडुबा लाजला. त्यानं मला विहिरीजवळच्या खोलीत खुंटीला टांगलं. कचरू त्याला एकदाच म्हणाला, "माझा राग कर, कडुबा, पण पट्टा बांध." मी खुंटीवरच राहिलो.

उन्हाळ्यात चक्की कुरकुरू लागली. कडुबाची पाळी होती. पारावरचे बघत होते, म्हणून तो मला न बांधता तसाच चढला. वाऱ्याचा झोत आला, शेपूट फिरलं आणि त्याच्या छातीवर बसलं, तसा तो खाली कोसळला. मी खाली खुंटीवर लोंबकळत होतो! माझं चामडं धड, आकडा धड, आणि कडुबाची कंबर मोडली. तो जगला, पण पुन्हा उभा राहिला नाही.

त्याची बायको साळूबाई मला घेऊन पारावर गेली. मला त्यांच्यापुढं आपटून म्हणाली, "ह्याचा विटाळ व्हत व्हता ना तुम्हाला? मग आता त्यांना उचलून परसाकडं न्यायला या. रोज या."

एकही आला नाही.

मित्रांनो, मला जात कळत नाही, माणसाचं वजन तेवढं कळतं. उंचावर चढायचं असेल तर आधी पट्टा बांधा, मग पायरीवर पाय ठेवा. कुणी हसलं तर हसू द्या, हसतील त्यांचे दात दिसतील. साळूबाई मात्र अजून एकटीच नवऱ्याला उचलते.