बोअरचा अहंकार

साहेबांच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी वसाहत लोटली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारचे वकील उलट्या बादलीवर बसले होते आणि तरीही कोर्टात बसल्याइतकेच गंभीर दिसत होते. पार्लरवाल्या बाईंनी दुकान बंद ठेवून पुढची जागा धरली होती. सगळ्यांच्या मधोमध पांढऱ्या चादरीवर पांढऱ्या कपड्यांतले जलयोगी डोळे मिटून बसले होते. त्यांच्यापुढे दोन काचेचे ग्लास होते आणि एक लाकडी पेटी. पेटीला झाकण होतं, झाकणाला कुलूप होतं आणि त्याच्या खालून तारांना जोडलेल्या दोन सळया बाहेर डोकावत होत्या.

"पाणी बोलतं," जलयोगी डोळे न उघडता म्हणाले. "फक्त ऐकणारा हवा. पाण्याला स्मृती असते, कंपन असतं, पाप असतं."

मागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंना वाटलं, पाण्याला एवढं सगळं असतं हे तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून आपल्याला कळलं नाही, म्हणजे पगार फुकटच घेतला. त्या साहेबांच्या थोरल्या बहीण. परवाच आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांचं तोंड काही बंद नव्हतं.

पहिल्या ग्लासात कुणाच्या तरी बोअरचं पाणी होतं, दुसऱ्यात जलयोग्यांच्या कलशातलं सिद्ध पाणी. दोन्ही दिसायला सारखीच नितळ होती. योग्यांनी सळया पहिल्या ग्लासात बुडवल्या आणि मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तांबडं, मग त्यात चिखलासारखा गाळ तरंगू लागला. पार्लरवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. हेच आपण रोज पितो, या विचाराने पुढच्या रांगेतल्या दोघांनी हातातल्या पाण्याच्या बाटल्या खाली ठेवल्या. सळया पुसून दुसऱ्या ग्लासात घातल्या, तर सिद्ध पाणी जसंच्या तसं राहिलं. सगळ्या अंगणाने एकदम श्वास सोडला.

या वसाहतीत सरकारी नळ अजून कागदावरच होता. प्रत्येक बंगल्याला स्वतःचा बोअर, आणि बहुतेक बोअरना तांबडं पाणी. काढलं की स्वच्छ, तासाभराने बादलीच्या तळाला गंज. पांढरे कपडे धुवायला काढायचे आणि बदामी वाळत घालायचे. यावर उपाय शोधायला पाणी तपासणारी प्रयोगशाळा शहरात होती; पण प्रयोगशाळेत मंत्र म्हणत नाहीत, म्हणून तिकडे कोणी फिरकलं नाही. जलयोगी आले आणि सगळ्यांची सोय झाली.

साहेबांची तर जास्तच. हा माणूस जन्मभर बँकेत मॅनेजर होता. सहीच्या शेपटाला जरा वेगळं वळण दिसलं की कागद परत पाठवणारा. पण जलयोग्यांनी त्यांच्या अंगणात येऊन बोअरच्या पाइपाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा एवढा मान वर काढून का उभा आहे, तेव्हा साहेबांना एकही शंका सुचली नाही. जमिनीवर गुडघाभर उंच आलेला तो लोखंडी पाइप. योगी म्हणाले, या विहिरीला अहंकार आहे, तिला नम्र करा. साहेबांनी स्वतःच्या हाताने कटर चालवून पाइप जमिनीलगत कापला आणि वरचं घट्ट झाकण भंगारात टाकलं. त्या जागी योग्यांनी दिलेली तांब्याची वाटी पालथी घातली, म्हणजे विहिरीला श्वासही घेता येईल. शिवाय टाकीत टाकायला सिद्ध स्फटिक दिले. स्फटिक टाकल्यावर तांबडा गाळ खाली बसला आणि वरचं पाणी आरशासारखं झालं. साहेब भक्त झाले ते तिथे. त्यांचं बघून वसाहतीतल्या बाकीच्यांनीही आपापले पाइप कापले.

आत्याबाईंनी आल्या आल्या एक सिद्ध स्फटिक जिभेवर ठेवला होता. तोंड आक्रसलं. "अरे, ही तुरटी आहे," त्या भावाला म्हणाल्या. "दाढी केल्यावर तूच गालाला लावायचास." साहेब म्हणाले, दिसायला तुरटीसारखाच असतो तो, पण आत फरक असतो. बाईंनी आयुष्यात खूप ढ मुलं पाहिली होती, पण ती निदान नापास झाल्यावर गप्प बसायची.

चेष्टा इथवर ठीक होती. पण घरात छकुली होती, साहेबांची नात, अजून धड चालता न येणारी. स्फटिक आले, पाइप कापला गेला, पाऊस पडून गेला आणि तेव्हापासून तिला जुलाब सुरू होते. डॉक्टर औषध देत, साखर-मिठाचं पाणी द्यायला सांगत, जरा बरं वाटे आणि पुन्हा तेच. गालाची हाडं दिसायला लागली होती. आणि रोज सकाळी आजोबा तिला मांडीवर घेऊन, लाडाने, चांदीच्या चमच्याने टाकीतलं ते स्फटिकाचं पाणी पाजत होते. पाणी उकळायचं नाही, उकळलं की त्याची स्मृती मरते, अशी योग्यांची आज्ञा होती. जुलाब म्हणजे शरीरातली अशुद्धी बाहेर पडते आहे, हेही त्यांनीच सांगितलं होतं. सूनबाई सासऱ्यांच्या पाठीमागे रडायच्या. परवापासून आत्याबाई आणि त्या मिळून चोरून पाणी उकळत होत्या. स्वतःच्या घरात स्वतःच्या लेकरासाठी पाणी उकळायला चोरी करावी लागावी, याचा आत्याबाईंना संताप आला होता.

काल त्या धुण्याच्या दगडाशी उभ्या होत्या. तिथेच, हातभर अंतरावर, तांब्याची वाटी पालथी पडली होती. मोरी तुंबलेली. छकुलीचे लंगोट आणि दुपटी धुऊन सांडलेलं पाणी त्या वाटीभोवती साचायचं आणि मग गटागटा नाहीसं व्हायचं. आत्याबाई बराच वेळ त्या गटागटा आवाजाकडे कान देऊन उभ्या राहिल्या. आज पहाटे उठून त्यांनी टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, कपड्यांच्या निळीची मोठी बाटली घेतली आणि अख्खी त्या मोरीत ओतली. वर दोन बादल्या पाणी मारलं. सूनबाईंनी विचारलं, हे काय, तर म्हणाल्या, कपडे धुते आहे.

आता अंगणात योग्यांचं सिद्ध पाणी जसंच्या तसं राहिलं होतं आणि लोक हात जोडायच्या बेतात होते, तेवढ्यात आत्याबाई मिठाची वाटी घेऊन पुढे आल्या. कोणी अडवायच्या आत चिमूटभर मीठ सिद्ध पाण्यात टाकून ढवळलं. "आता घाला सळया," त्या म्हणाल्या.

योगी तयार नव्हते, पण वकिलांना पुराव्याची सवय होती. ते म्हणाले, घाला की. सळया आत गेल्या आणि सिद्ध पाण्याचा क्षणात चिखल झाला.

"गाळ पाण्यातला नाही, सळईतला आहे," आत्याबाई वर्गात बोलत त्याच सुरात म्हणाल्या. "पेटीत बॅटरी आहे, म्हणून तर कुलूप आहे. विजेने सळईचं लोखंड सुटतं आणि गंजतं. तुमच्या सिद्ध पाण्यात क्षारच नव्हते, ते गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून ते पवित्र."

अंगणात कुजबुज झाली. पण जलयोगी काही असेतसे नव्हते. ते मंद हसले. मीठ हा तामसी पदार्थ, ते म्हणाले, बाईंनी माझ्या पाण्यात पाप कालवलं. बहुतेकांनी मान डोलावली. हे पटण्यासारखं होतं. आत्याबाईंनी दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या दोन पेन्सिली पुढे केल्या आणि सळयांऐवजी त्या तारांना जोडून बोअरच्या दुसऱ्या ग्लासभर नितळ पाण्यात घातल्या. नुसते बुडबुडे आले, गाळ नाही; पेन्सिलीत लोखंडच नव्हतं. पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, पण पेन्सिली कुठे सिद्ध केलेल्या आहेत. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. शास्त्राने तोंडघशी पाडलेला माणूस लगेच उठून कपडे झटकतो आणि लोक त्याच्या कपड्यांचं कौतुक करतात, हे त्यांना नवीन नव्हतं.

"पुरे ताई," साहेब लाजेने लाल झाले होते. "पाहुण्यांपुढे शोभत नाही."

योग्यांनी मग हुकमाचं पान काढलं. शंका घ्यायची तर थेट विहिरीवर घ्या, ते म्हणाले. ही विहीर आता नम्र झाली आहे. तिचं पाणी, टाकीतलं नाही, स्फटिकाचं नाही, थेट तिच्या पोटातलं, या घरातला सर्वांत निष्पाप जीव पिईल. बाळाला आणा.

सूनबाई छकुलीला खांद्यावर घेऊन दारात उभ्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी मोटार सुरू केली आणि ग्लास घेऊन अंगणातल्या, थेट मोटारीला जोडलेल्या नळाशी वाकले. नळ खोकला, थुंकला आणि मग पाणी आलं.

निळं.

मग मागून कोणीतरी गुडघ्यावर बसलं. पार्लरवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, वकील बादलीवरून उठून उभे राहिले. जलयोग्यांनाही हे अपेक्षित नव्हतं, पण आयत्या आलेल्या चमत्काराला ते कसे नाकारणार. त्यांनी दोन्ही हात वर केले. "आकाश विहिरीत उतरलं," ते म्हणाले. "अहंकार गेला आणि आकाश आत आलं."

साहेबांच्या हातात निळा ग्लास होता आणि डोळे भरून आले होते. त्यांनी खिशातला चांदीचा चमचा काढला आणि ते नातीकडे निघाले. आत्याबाई त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"हे आकाश मी आणलंय," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "सकाळी मोरीत नीळ ओतली. जिथे तुझ्या नातीचे लंगोट धुतात, त्या मोरीत. तिथून ती तू कापलेल्या पाइपात गेली आणि आता तुझ्या ग्लासात आली."

साहेब ग्लासाकडे बघत राहिले.

"नीळ दिसते, म्हणून आज दिसली," आत्याबाई म्हणाल्या. "बाकी जे जातं ते दिसत नाही. ते तू रोज चमच्याने पाजतोयस."

साहेबांनी मान वळवून दगडाकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग नळाकडे. सह्या पडताळणारा तो जुना माणूस बऱ्याच दिवसांनी जागा झाला असावा. ते चालत गेले, पायाने तांब्याची वाटी बाजूला केली. खाली काळंभोर भोक होतं आणि कडेने निळं पाणी अजून आत ठिबकत होतं. ते तिथेच खाली बसले. "मी माझ्या हाताने कापला गं ताई," ते म्हणाले आणि रडू लागले. आत्याबाईंना तोवर वाटत होतं की ही वेळ आली की आपण चार शब्द ऐकवू. पण त्या भावाशेजारी बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"जलयोगी, एक घोट तुम्हीच घ्या आधी," वकील शांतपणे म्हणाले. जलयोग्यांना तेवढ्यात दुसऱ्या वसाहतीतल्या पाण्याचं कंपन जाणवलं असावं, कारण ते पेटी उचलून निघाले. पाण्याच्या पापांबद्दल बोलायला ते थांबले नाहीत.

लोक मात्र थांबले. एकेकाला आपापला कापलेला पाइप आठवत होता. आता काय करायचं, पार्लरवाल्या बाईंनी विचारलं, आणि आवाजात पहिल्यांदाच खरी भीती होती. आत्याबाईंनी सांगितलं ते फार साधं होतं, त्यात एकही मंत्र नव्हता. आज घरी जाऊन पिण्याचं पाणी खळखळून उकळा. पाइप जोडून पुन्हा गुडघाभर उंच करा, भोवती बाहेर उताराचा सिमेंटचा ओटा घाला, वर घट्ट झाकण बसवा. मोरी लांब न्या. मग माहितगाराला विचारून विहिरीत ब्लीचिंग पावडर सोडा, घरातल्या प्रत्येक नळाला तिचा वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर तसंच ठेवा, दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत वाहू द्या. आणि मग प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत नमुना नेऊन तपासून आणा. पाणी चांगलं निघेपर्यंत उकळणं थांबवू नका.

"आणि तांबडं पाणी?" वकिलांनी विचारलं.

"ते लोखंड आहे. झारीसारखं उंचावरून टाकीत पाडा, हवा लागून गंज सुटेल, मग वाळूतून गाळा. ते कपडे खराब करतं, जीव घेत नाही." त्यांनी मिठाची वाटी उचलली. "आपण रंगाला भितो आणि नितळाला नमस्कार करतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते तपासून बघायचं, एवढंच मागणं आहे. विचारायचं की हे कशाने झालं. कुणी विचारू नको म्हणालं तर आधी त्याच्या पेटीचं कुलूप उघडायचं."

छकुलीला सावरायला वेळ लागला. डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन रात्री काढाव्या लागल्या आणि साहेब त्या दोन्ही रात्री खुर्चीत बसून होते. तपासणीत बोअरच्या पाण्यात जे निघालं ते त्यांनी एकदा वाचलं आणि पुन्हा कोणापुढे त्याचा उच्चार केला नाही. पुढच्या नमुन्यात मात्र काही निघालं नाही. चांदीचा चमचा सूनबाईंनी पुन्हा त्यांच्या हातात दिला, उकळून गार केलेल्या पाण्याच्या वाटीसकट.

पाइप आता पुन्हा अंगणात उभा आहे, आधीपेक्षा वीतभर उंच, भोवती सिमेंटचा ओटा, डोक्यावर घट्ट झाकण. छकुली त्याला धरून उभी राहायला शिकली. परवा कोणी पाहुणे आले आणि म्हणाले, बाकी अंगण छान आहे, पण मधे हे काय बेंगरूळ, कापून टाका ना.

"नको," साहेब म्हणाले. "असू दे त्याला अहंकार."