मी बोलावलं आणि तो परत गेला

मी एक खुळखुळा आहे. पण मला ऐकून कुठलं बाळ हसणार नाही. वेताच्या कड्यात ओवलेल्या सोळा करवंट्या, एवढाच माझा देह. होडीतून वाकून मला पाण्यात खळखळवलं की खालून शार्क वर येतो. मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या हाकेला असले दात धावून येतात, त्याने भिऊ नये तर काय करावं?

दक्षिण समुद्रातल्या न्यू आयर्लंड बेटावर, आमच्या किनाऱ्यावर, शार्क पकडणाऱ्या लामाईसने त्याच्या तरुणपणी मला घडवलं. घडवताना आठ दिवस तो बायकोशी बोललासुद्धा नाही. बाईची नजर पडली तर शार्क रुसतो, म्हणून मला पुरुषांच्या झोपडीत आढ्याला टांगलं. गावातल्या एकाही बाईने मला कधी पाहिलं नव्हतं. पुढचा घोटाळा झाला तो यामुळेच.

समुद्रात लामाईस शार्कशी लाडाने बोलायचा. "ये रे माझ्या राजा, ये." तो बिचारा विश्वासाने होडीला अंग घासायचा, आणि लामाईस फास आवळायचा. चाळीस वर्षं हेच. दर वेळी माझ्या करवंट्यांत थरकाप भरायचा.

मग लामाईस म्हातारा झाला. बायको गेली, तापाने त्याला अंथरुणाला खिळवलं. शेजारची डोर्कास रोज नारळाच्या दुधात शिजवलेली रताळी आणायची आणि उशाशी बसून प्रार्थना करायची. ती लग्न होऊन डोंगरापलीकडून आलेली, तोंडाने फटकळ. बरा झाल्यावर तिने बोलावलं म्हणून तो तिच्या अंगणातल्या प्रार्थनेला जाऊ लागला. एक दिवस त्याने विचारलंच.

"पोरी, मीपण हाका मारणाराच. शार्क येतो आणि मी फास टाकतो. तुझ्या हाकेमागं काय लपवलंयस?"

"रताळी," डोर्कास म्हणाली. "आणि ती गार व्हायला लागलीत. खा मुकाट्यानं!"

तो खूप हसला. पण बाप्तिस्म्याचं निघालं तसा त्याचा चेहरा उतरला. आमच्याकडे बाप्तिस्मा समुद्रात, छातीभर पाण्यात होतो.

"पाण्यात उतरलो तर शार्क मला ओळखेल गं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं फसवलंय मी त्याला." जन्मभर होडीत काढलेला हा माणूस गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नव्हता, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तरी तो रविवारी सकाळी आला. विधी झाल्यावर मला वाळूत जाळायचं, असं त्याने ठरवलं होतं. दोऱ्याच्या पिशवीतून मला काढून त्याने डोर्कासच्या हातात दिलं. "एवढं धर. नंतर लागेल." मी काय आहे ते त्याने सांगायला हवं होतं. पण बाईला सांगायचं नाही, ही जन्माची सवय आड आली.

डोर्कासला वाटलं, गाण्याचं वाद्य! गाणारे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, गीत सुरू झालं, आणि तिने ठेक्यावर मला पाण्यात आपटायला सुरुवात केली. मी थांबवू कसा? मला एकच भाषा येते, आणि ती थेट खोलवर पोचत होती. इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती.

आणि पाण्यावर शार्कच्या पाठीवरचा काळा पंख दिसला.

"शार्क! पळा, पळा!" गाणारे किनाऱ्याकडे धावले. पुढे छातीभर पाण्यात उभा असलेला लामाईस वळला. त्याने मला डोर्कासच्या हातात पाहिलं आणि त्याला सारं समजलं.

"डोर्कास, हात थांबव. वर उचल त्याला. हलू नकोस."

बाप्तिस्मा द्यायला त्याच्या शेजारी उभा असलेला तरुण पाळक आयझॅक किनाऱ्याकडे बघू लागला. "काका, उद्या करू या का?"

"उद्या माझी हिंमत होणार नाही. बुडव मला."

आयझॅकने देवाचं नाव घेतलं आणि त्याला पाण्याखाली नेलं. पंख सरळ त्यांच्याकडे आला. होडीला घासायचा तसाच तो लामाईसच्या अंगाला घासून गेला. लामाईसचे दोन्ही हात मोकळे होते. मी सवयीने फास आवळल्याच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो आलाच नाही.

लामाईस वर आला तेव्हा पंख दूर निघाला होता. वाळूत बसून तो ओक्साबोक्शी रडला. "त्यानं मला सोडलं गं. मी त्यांच्यातल्या एकालाही सोडलं नव्हतं."

त्याने मला जाळलं नाही. "बायकांना दिसू दे आता," म्हणाला. दोन वर्षांपूर्वी तो वारला. मी डोर्कासच्या चुलीवर टांगलेला असतो, धुराने काळा झालोय. कुणाचा बाप्तिस्मा असला की सारी आळी आधी तिच्या दारात ओरडते, "बाई, खुळखुळा घरातच आहे ना?"

असू द्या मला इथेच, कोरडा. माझ्या हाकेला आलेल्यांपैकी तो एकच जिवंत परत गेला. पुन्हा बोलावलं तर कोण येईल, आणि बोलावणाऱ्याच्या हातात काय असेल, याची मला अजून भीती वाटते.