खालच्या वाफ्याची माती

लोखंडाला जीभ नसते म्हणतात. मला टोक आहे, त्यावर भागवते. मी खुरपी बोलतेय, रायपूरच्या गुढियारीतल्या कमलाबाईंची. सध्या घरामागच्या भिंतीवर एका खिळ्याला लटकलेली असते.

ट्रकच्या मोडक्या पाट्यातून एका लोहारानं मला ठोकून काढलं आणि गोल बाजारात पोत्यावर मांडलं. कमलाबाईंच्या नवऱ्यानं, गुलाबरावांनी, मला उचललं, अंगठ्यानं धार पाहिली आणि म्हणाले, "हे चालते कमलाच्या हाताले." ते रेल्वेत पॉइंट्समन होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. घरामागं त्यांची बाडी होती, म्हणजे परसातला एवढासा भाजीमळा. लालभाजी, चेचभाजी, पालक, वांगी. कमलाबाई माझ्यावाचून तिथं पाऊल टाकत नसत. बोलायच्याही माझ्याशीच. नवऱ्याच्या सगळ्या कागाळ्या मी ऐकल्या आहेत.

बाडीच्या खालच्या अंगाला एक खड्डा होता. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि शहरभर खोदाखोदी सुरू झाली. मलबा फुकट मिळू लागला. गुलाबरावांनी ड्यूटीवरून येऊन दोन महिने पाट्या वाहिल्या, खड्डा भरला, वर वीतभर चांगली माती पसरली. "राजधानीत आपली बी जमीन वाढली," म्हणून मिशीतल्या मिशीत हसले. मलब्यात काय काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं कोण विचारतं!

चार वर्षांनी छातीत कळ येऊन ते गेले. तेव्हापासून कमलाबाई खालच्या वाफ्यात चपला घालून जात नसत.

त्यांची मुलगी दीक्षा भिलाईला दिलेली. ती माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. शहरातल्या बाड्यांच्या मातीत शिसं किती आहे, ते तिथं तपासत होते; पोटातल्या आणि लहान बाळांच्या मेंदूला ते बाधतं म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं, तेव्हा तिचा फोन आला. आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू येत होता.

"आई, आपल्या बाडीची पण माती पाठव. दोन पिशव्या. एक वरची, एक खालची. दोन्हीत आठ-दहा जागची माती मिसळ. खालची अलगच पाहिजे, भरती की मिट्टी है ना वो."

कमलाबाई मला घेऊन उठल्या. वरच्या वाफ्यात, शेणखत मुरलेल्या मऊ जागी बसल्या आणि दोन्ही पिशव्या तिथूनच भरल्या. एकीवर 'वरची' लिहिलं, दुसरीवर 'खालची'.

"मालकानं भरेल जागा हाये ते," मला म्हणाल्या. "कागदावर नापास काहून होऊ देऊ?"

पोरगी दाखवायच्या दिवशी तिला चांगली साडी नेसवतात, तेवढंच त्यांच्या मनात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत मी होते. नाही म्हणता आलं असतं तर म्हटलं असतं, पण मी खणत राहिले.

दोन्ही अहवाल उत्तम आले. कमलाबाईंनी ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चिकटवले आणि सगळ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांना घरात बोलावून दाखवले.

दीक्षा सातव्या महिन्यात आली आणि पाच महिने राहिली. रोज ताटात खालच्या वाफ्याचा पालक. "तुह्या बाबाच्या जागेतली भाजी हाये," म्हणत कमलाबाई अजून एक पळी वाढायच्या. मुलगी झाली. तिचं नाव मीनल ठेवलं.

मीनल दहा महिन्यांची असताना मायलेकी पुन्हा आल्या. मीनल खालच्या वाफ्यात बसून माती चिवडत होती, दीक्षा मला घेऊन गवत काढत होती. माझं टोक कशावर तरी कचकन आपटलं. दीक्षानं ते ओढून काढलं. काळ्या प्लास्टिकचा तुकडा आणि त्याला चिकटलेली राखाडी जाळी. फोडलेल्या जुन्या, शिशाच्या बॅटरीचा भाग होता तो. तिनं आधी मीनलचे हात झटकले, तिच्या तोंडात बोट घालून माती काढली आणि मग आईकडं पाहिलं.

"आई, सच बता. ते खालची पिशवी कुठून भरली होती?"

कमलाबाई पदर पिळत राहिल्या. "वरूनच. तुह्या बाबाची जागा नापास झाली असती तं मले सहन नसतं झालं."

आता ही आईला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण ती तिथंच मातीत बसली. "दोनों रिपोर्ट एकदम सेम थी. दुसऱ्या कोणाची असती तं मी पुन्हा मागवली असती. तुही होती, म्हणून नाही विचारलं."

नमुना पुन्हा काढला, या वेळी लाकडी चमच्यानं. "गंजलेलं लोखंड नको, मातीत मिसळते," म्हणून तिनं मला बाजूला सारलं. मला ते फार लागलं. शिसं निघालं, मर्यादेच्या कितीतरी पट. मग मीनलचं रक्त तपासलं. त्यातही निघालं. पुढं काय होईल ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत, वाढ पाहावी लागेल म्हणतात.

कमलाबाईंनी तसबिरीखालचे जुने कागद फाडले आणि नवा अहवाल घेऊन, बाडीतली भाजी जिथं जिथं वाटली होती, त्या एकेका दारात गेल्या. "माही भाजी ज्यानं खाल्ली त्यानं मले माफ करा," म्हणाल्या. शेजारच्या मीराबाई वीस वर्षांच्या मैत्रीण. त्यांनी फक्त "हव", म्हणजे हो, म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दीक्षा अजून येते, पण डबा घेऊन येते. माहेरच्या ओसरीवर बसून आपल्या डब्यातलं खाते, मीनललाही त्यातलंच भरवते. कमलाबाई समोर बसून बघतात. खालच्या वाफ्यावर ताडपत्री आहे, तिच्यावर विटा.

मीनल आता दोन वर्षांची झाली. हसते, हात पसरते. अजून बोलत मात्र नाही.

कधी संध्याकाळी कमलाबाई मागं येतात, माझ्या मुठीवर हात ठेवतात. "तुहं काही नाही चुकलं वं," म्हणतात. माझी समजूत काढायला म्हणतात ते. खणलं तर मीच होतं.

माझं एक ऐका. माती तपासायला न्याल तेव्हा घरच्या माणसाला आधी विचारा, तुझ्या जिवाची जागा कोणती. पहिली मूठ तिथली घ्या. मला हात लावला नाहीत तरी चालेल, मी इथं खिळ्यावर बरी आहे.

फक्त मीनल बोलली, तर कुणीतरी मागं येऊन मला सांगा.