बारा मीटरची चूक

चाकणच्या त्या कंपनीतून माल बाहेर पडायचा तर आधी नवनाथच्या नजरेखालून जावा लागे. गाड्यांचे ब्रॅकेट बनवणारी कंपनी, आणि हा तिथला क्वालिटीचा माणूस. एकोणीस वर्षं याने एकच काम केलं. माप घ्यायचं, परत घ्यायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं आणि मग सही करायची. कंपनीत याला शिस्त म्हणत. घरी रावेतला त्याची बायको वर्षाली याला वेगळाच शब्द वापरायची, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

अशा या माणसाला नाद होता तो डब्या शोधण्याचा. जगभर हौशी लोक डोंगरात, तळ्याकाठी, पुलाखाली डब्या लपवतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन जायचं, डबी हुडकायची, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच ठेवून यायचं. याला जिओकॅशिंग म्हणतात. बक्षीस नाही, चहा नाही, काही नाही. "मग जाता कशाला?" असं वर्षालीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि नवनाथला त्याचं उत्तर अजून सुचायचंय. त्याची मुलगी दिव्या मात्र दहा वर्षांची असल्यापासून दर रविवारी त्याच्या गाडीवर मागे बसून जायची. तिने हा प्रश्न कधी विचारला नाही.

त्यांचं जीपीएस पिवळं, मुठीत मावेल एवढं. बटणांवरची अक्षरं पुसलेली, बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं. दिव्या त्याला पिवळोबा म्हणायची.

जुलैत तळेगावच्या तळ्याकाठी दोघांनी दोन तास झुडपं उपसली आणि हात हलवत परत आले. येताना मागून दिव्या म्हणाली, "बाबा, पिवळोबा आता बारा मीटर फेकतो. नवीन घ्या ना."

एवढंच बोलली पोरगी, तेही हेल्मेटच्या आतून. पण नवनाथच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलंच. त्यात त्याच आठवड्यात तिची ॲडमिशन झाली. रत्नागिरीला, मत्स्यशास्त्राला. पंधरा सप्टेंबरला निघायचं. नवनाथने कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, तर मध्ये आठ रविवार. आठच! त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. जेवताना उठायचा, गॅलरीत जायचा, परत येऊन बसायचा.

त्याने ठरवलं, पोरीने मागितलंय तर नवीन जीपीएस घ्यायचं आणि ती जायच्या आत तिला असा एक रविवार द्यायचा की नाव काढेल. तळेगाव ते लोणावळा, एका दिवसात पाच डब्या!

आता एवढं ठरलं होतं तर घेऊन टाकायचं ना बाबा? पण नाही. घ्यायचं तर आधी गरज सिद्ध व्हायला हवी. उठलं आणि घेतलं, असं करायचं तर एकोणीस वर्षं कंपनीत काय झक मारली?

कंपनीत डिझाइनला विक्की नावाचा पोरगा होता, ट्रेकिंगवाला. त्याच्याकडे नवं जीपीएस होतं. त्याने ते वापरायला दिलं, वर म्हणाला, "नवनाथभाऊ, एक चक्कर मारा आणि घेऊन टाका राव. विचार कसला करताय?"

"चक्कर मारून काय कळतं? स्टडी करावा लागेल," नवनाथ म्हणाला.

कंपनीत एखाद्या मापयंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही, हे ठरवायची एक रीत असते. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीच वस्तू पुन्हा पुन्हा मोजायची आणि आकडे किती हलतात ते बघायचं. नवनाथने ती रीत उचलून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली. एका खांबाशी खडूने फुली मारली. पहिला माणूस तो स्वतः. दुसरी वर्षाली. तिसरा वॉचमन खंडू, कारण तिसरं कोणी तयारच होईना.

"अहो, कणीक भिजवलेले हात आहेत माझे!"

"धुऊन ये. एकच रीडिंग."

एक कसलं, दहा! यंत्र बंद करायचं, चालू करायचं, पाच मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा. खंडू बिचारा दोन्ही यंत्रं दोन हातांत धरून फुलीवर उभा राहायचा आणि म्हणायचा, "सायब, मी हाय तितंच हाय, पन ह्यो आकडा लय हलतोय."

"तेच तर बघायचंय!" नवनाथ खूश व्हायचा.

पहिल्या रविवारी दिव्या बूट घालून खाली आली होती. "बाबा, निघायचं?"

"थांब गं, आज रीडिंग होऊ दे. पुढच्या रविवारी."

दुसऱ्या रविवारी ढग होते, आणि ढगाळ हवेतले आकडे वेगळे घ्यायला नकोत का? तिसऱ्या रविवारी खंडू रजेवर, म्हणून सगळं परत. दिव्या येऊन थोडा वेळ उभी राहायची, मग म्हणायची, "मी मिनलकडे जाऊन येते." मिनल तिची मैत्रीण, सोमाटण्याला राहायची. नवनाथ वहीतून मान वर न काढता म्हणायचा, "लवकर ये." पोरगी जाणार, दिवस जातायत, आणि आकडे काही जुळत नाहीत. मग तो आणखी जोरात आकडे घ्यायचा. माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच करत बसतो. दुसरं काय?

एकदा दारात तिच्या बुटांना लाल चिखल दिसला. सोसायटीत सगळं डांबर आणि पेव्हर ब्लॉक, लाल माती औषधालाही नाही. ब्रॅकेटवरचा केसाएवढा ओरखडा पकडणारा हा माणूस, त्या चिखलाकडे बघून एवढंच म्हणाला, "दिव्या, पायपुसणं खराब होतंय."

असे आठही रविवार गेले.

नववा रविवार म्हणजे जायचा दिवस. निगडीहून दुपारी चारची बस. वर्षाली सकाळपासून चिवड्याच्या पिशव्या बांधत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. नवनाथला घरात उभं राहवेना. आणि तेवढ्यात त्याला आठवलं, झाडाखालचं रीडिंग राहिलंय. पार्किंगमध्ये झाडं कुठे होती? झाडाखाली यंत्र कसं चालतं हे बघितल्याशिवाय रिपोर्ट पुरा कसा होणार?

"अर्ध्या तासात आलो," म्हणून तो दोन्ही यंत्रं घेऊन सटकला. वर्षाली मागून ओरडली, "आज तरी!" पण गाडी सुरू झाली होती.

तो सोमाटण्याच्या वाटेवरच्या घोरावडेश्वरच्या डोंगरावर गेला, कारण तिथे त्याची स्वतःची डबी होती. चार वर्षांपूर्वी त्याने आणि दिव्याने मिळून लपवलेली, उंबराच्या मुळाशी, दगडाच्या कपारीत. पिवळोबाने त्याला त्या उंबरापासून चांगलंच लांब, निवडुंगात नेऊन उभं केलं. विक्कीच्या यंत्राने बरोबर दगडापाशी आणलं, दीड मीटरच्या आत. नवनाथने आकडा लिहिला. संपलं. नवीन घ्यायचं हे सिद्ध झालं. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

आलोच आहे तर डबी कोरडी आहे का बघू, म्हणून त्याने झाकण उघडलं आणि आतली छोटी वही चाळली. शेवटच्या पानावर ओळखीचं अक्षर होतं.

"११ ऑगस्ट. दिव्या. एकटी. बाबांचं रीडिंग चालू आहे."

"२५ ऑगस्ट. दिव्या. एकटी. आज आईला फुलीवर उभं केलंय. आई लई चिडलीय."

"१ सप्टेंबर. दिव्या. वाटलं होतं आज येतील."

"८ सप्टेंबर. दिव्या. गणपतीची आरती झाल्यावर विचारलं. पुढच्या रविवारी म्हणाले. पुढच्या रविवारी माझी बस आहे."

आकडा चुकलाय का हे बघावं तसं त्याने ते पान परत वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. काही हललं नाही. लाल मातीत त्याचे बूट रुतले होते, आणि आत्ता, इतक्या दिवसांनी, त्याला तो पायपुसण्यावरचा चिखल दिसला. त्याला रडूच कोसळलं. खाली पायऱ्यांवरून देवदर्शनाला आलेली माणसं वर बघत होती, बघू देत. पोरगी नवीन यंत्र मागत नव्हती रे बाबा, तुला मागत होती. आणि तू खांबाला धरून उभा राहिलास!

साडेदहा वाजले होते. त्याने फोन लावला.

"बाबा, कुठे आहात? आई शोधतेय."

"डबीपाशी."

पलीकडे मागे वर्षाली कोणावर तरी ओरडत होती, बहुतेक बॅगेच्या कुलपावर.

"वही वाचली?" दिव्याने विचारलं.

"वाचली." तो म्हणाला, "चुकलो गं मी. बूट घाल. न्यायला येतो."

"बाबा, चारची बस आहे."

"पोचवतो. एकच डबी शोधू. तळेगावची, तळ्याकाठची राहिलेली."

"नवीन जीपीएस घेतलंत का?"

नवनाथने विक्कीचं यंत्र बंद करून खिशात टाकलं. पिवळोबा हातात होता आणि नेहमीसारखा भलतीकडेच बाण दाखवत होता.

"नाही," तो म्हणाला. "पिवळोबाच आहे. बारा मीटर फेकणारा."

पलीकडे बॅग जमिनीवरून ओढल्याचा आवाज आला.

"बूट बॅगेत गेलेत, बाबा. एकदम तळाशी. आईने दोरी बांधलीय वरून."

"असू दे मग," नवनाथ म्हणाला. "असू दे. राहू दे."

"आई!" फोन तोंडापासून लांब धरून दिव्या ओरडली. "कात्री कुठंय?"