मालनताईंचं जपानी

दिलसुखनगरच्या जपानी क्लासमध्ये आम्ही दहा-बारा हौशी शिकणारे होतो, आणि सगळ्यांच्या पुढे मालनताई वाघमारे. त्या मूळच्या नांदेडच्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. दर रविवारी प्रत्येकाने स्वतःविषयी जपानीत बोलायचं असे. मी चार वाक्यांत अडखळायचे; त्या मात्र घर, बाग, नातू सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. ऑफिसात हुशार म्हणवणाऱ्या मला ते फार लागायचं.

दिवाळीनंतर त्या अडखळू लागल्या. एका रविवारी मी त्यांच्यापेक्षा जास्त बोलले. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "हरवलं एकदाचं ताईंना!"

पुढच्या रविवारी त्या नातवाच्या नावापाशीच थांबल्या. सर हसून दखनी ढंगात म्हणाले, "हल्लू हल्लू, ताई. नाव तर जपानीतही तेच असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई गं, माझ्या नातवाचं नाव काय?"

मी दर रविवारी ऐकलेलं नाव सांगितलं. "सुमेध."

"हां, सुमेध," म्हणत त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी फोन केला. सून म्हणाली, "विसरण्याचा आजार आहे. वर्ष झालं. डोकं चालतं राहावं म्हणून क्लास लावला होता."



आता मी त्यांच्या शेजारी बसते. त्या एखादंच वाक्य बोलतात आणि खाली बसताना विचारतात, "बरोबर आलं का गं?"

मी हो म्हणते.