शेकोटीपाशी रिकामी

बसायच्या आधी जरा ऐकाल का? एकदा बसलात की खुर्चीचं कोण ऐकतं! मी एक घडीची खुर्ची. सागाची चौकट, खाकी ताडपत्रीची झोळी, जेमतेम वीतभर पाय, आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव, 'सॅन्टन'. वय विचाराल तर चार पुरी झाली. एवढ्यात कसली थकलीस, असं म्हणाल. पण मी माणसं पेलून थकलेली नाही हो. वाट बघून थकलेय.

माझा जन्म विरारच्या चंदनसारला, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. प्रल्हाद मास्तरांनी मला घडवलं. आयटीआयमध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवून ते रिटायर झालेत. रंधा मारताना त्यांची बडबड चालू असते, त्यातून मी बोलायला शिकले. म्हणून माझी भाषा त्यांची. सॅन्टन आणि त्याची बायको सेलिन वसईतल्या नंदाखालचे. ते आपसात कादोडी बोलतात, ती मला समजते, पण जिभेवर बसत नाही. त्यांचं बोलणं मी आपलं माझ्या मराठीतच सांगते.

तर हे सॅन्टन, मास्तर आणि तुळिंजचा जितेंद्र, असे तिघे दर जानेवारीत कनूतून वैतरणेच्या खाडीत जातात. कनू म्हणजे दोन्हीकडे टोक असलेली लांबोडकी होडी. भरती लागली की वल्ही मारत वर जायचं, तिवरांच्या मागं एखादा कोरडा उंचवटा बघून तंबू ठोकायचा, सांज झाली की शेकोटी, सुके बोंबील निखाऱ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर परत. जितेंद्र विमा कंपनीत नोकरी करतो, मास्तर घरी कंटाळलेले असतात. सॅन्टन वर्षभर केळी आणि पानवेलीत वाकलेला. वर्षातले ते दोन दिवस तेवढे त्याचे स्वतःचे.

सॅन्टन साठीचा झाला त्या वर्षी शेकोटीजवळच्या चटईवरून उठताना त्याला दोन्ही हात टेकून, रांगत उठावं लागलं. "पाय झोपला रे," म्हणून तो हसला. बाकीचे दोघेही हसले. पण बघायचं ते त्यांनी बघितलं.

आता सरळ विचारायचं ना, गुडघे दुखतात का म्हणून? नाही! भीड पडली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. दोघांनी गुपचूप ठरवलं की सॅन्टनला वाढदिवसाची भेट म्हणून खुर्ची द्यायची. वर त्याचं नावही घालायचं, म्हणजे हक्कानं बसेल. आणि पाय? मास्तर म्हणाले, उंच खुर्ची कनूत मावत नाही, शिवाय शेकोटीशी उंच बसलं की ऊब मांडीला आणि धूर तोंडाला. कापले माझे पाय. गुडघे गेलेल्या माणसासाठी वीतभर उंचीची खुर्ची! करायला गेले काय आणि वरती झाले पाय. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे सुचू नये?

झोळी शिवायला मी सेलिनकडे गेले. ती चर्चमधल्या कम्युनियनसाठी मुलींचे फ्रॉक शिवते, त्यातून वेळ काढून तिनं मला दुहेरी शिवण घातली, बाजूला पेला ठेवायला खिसाही लावला. शिवण धरतेय का ते बघायला ती माझ्यावर जेमतेम टेकली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती उठून गेली. पुढची तीन वर्षं माझ्यावर कुणी टेकलंसुद्धा नाही.

ऐका तर. पहिल्या शेकोटीला मास्तरांनी मला थाटात उघडलं. सॅन्टननं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"मस्त आहे," तो म्हणाला. "पण मी काय म्हातारा झालो? मास्तर, तुम्ही बसा."

"छे छे, तुझ्या नावाची आहे."

"मग जितू, तू बस."

"अंकल, मी खालीच बरा. आपल्याला खुर्चीवर जेवण जात नाही."

ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणारा माणूस हे म्हणाला! दोघं चटईवर बसले. सॅन्टन माझ्यावर बसला नाही, आणि चटईवरही बसला नाही, कारण खाली बसलं की सगळ्यांदेखत उठावं लागतं. "वल्ही मारून पाय आखडलेत, जरा मोकळे करतो," असं म्हणून तो उभा राहिला. उभ्यानं जेवला, उभ्यानं गप्पा मारल्या. असा तो तीन जानेवाऱ्या पाय मोकळे करत होता. मोडेन पण वाकणार नाही! शेकोटीजवळची सगळ्यात सुखाची जागा माझी, आणि तिच्यावर कोण बसलं, तर पाण्याचा कॅन आणि बोंबलांची पिशवी. लाज वाटायची हो मला.

गेल्या वर्षी परतताना कनूत चढताना सॅन्टनचा पाय घसरला. कनू कलली, पाणी आत आलं. कुणाला काही झालं नाही, पण जितेंद्र पांढरा पडला. पाणी उपसता उपसता तो मास्तरांना हळूच म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी अंकलना नको ना आणूया. खाडीत पडले-बिडले तर आंटीला काय तोंड दाखवू?" मास्तरांनी नुसती मान डोलावली. वाईट नाही तो जितेंद्र, घाबरला होता. पण सॅन्टन चार पावलांवर दोर गुंडाळत होता. त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. त्यानं ऐकलं होतं.

त्यानंतर तो एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला. दोन्ही गुडघे बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती फाईल त्यानं कुठं लपवावी? वाडीतल्या खोपीत खुंटीला मी टांगलेली होते, माझ्या घडीत! त्याला खात्री होती, हिला कोण उघडतंय. आणि खरंच दहा महिने कुणी उघडलं नाही. नाताळच्या साफसफाईत सेलिननं झटकायला उघडलं. फाईल खाली पडली. तिनं उभ्या उभ्या सगळी वाचली, घरात नेऊन कपाटात ठेवली, आणि नवऱ्याला अवाक्षर बोलली नाही.

या जानेवारीत सॅन्टनला कुणाचा फोन आला नाही. शेवटी त्यानंच केला. "कधी निघायचं रे?" जितेंद्र म्हणाला, "बघू अंकल, या वर्षी कामं आहेत." सॅन्टन म्हणाला, "कामं मलापण आहेत. शनिवारी सकाळी मी जेट्टीवर येतो." झालं! नाही म्हणायची पुन्हा भीड.

शुक्रवारी त्यानं मला खुंटीवरून काढलं, घडी चाचपली. फाईल नाही. मागं वळून बघतो तर दारात सेलिन.

"मीपण येतेय उद्या," ती म्हणाली.

"तू? तिथं तुझं काय काम? बसायला धड जागा नसते."

"खुर्ची आहे की."

सॅन्टननं मला काखेत मारलं आणि घराकडे वळला.

शनिवारी सांजेला शेकोटी पेटली. मास्तरांनी मला उघडलं आणि सवयीनं पाण्याचा कॅन आणायला वळले. तेवढ्यात सेलिन आली, पदर सावरला आणि सरळ माझ्यावर बसली. नुसती टेकली नाही, बसली! पाठ सैल सोडून, पाय निखाऱ्याकडे पसरून. "जेजू!" असं येशूचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. काय सांगू तुम्हाला, माझी शिवणन् शिवण ताणली आणि मला बरं वाटलं. रोजची मासळी, वाडी, मशीन, सगळं तिच्या पाठीतून माझ्यात उतरत होतं. पुरुष मंडळी बघतच राहिली. तीन वर्षं जिच्यावर बसायची कुणाची छाती झाली नव्हती, तिच्यावर ही बाई विचारल्याशिवाय बसली.

जेवणं चालू झाली. सॅन्टन उभाच. काठी म्हणून त्यानं वल्हं धरलेलं, डावा पाय थरथरतोय, हातातली ताटली कलली आणि बोंबील राखेत पडला. शेवटी तो माझ्याजवळ आला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "उठ गो. जरा बसू दे."

"का?"

"का म्हणजे? पाय..."

"मला सांगू नको. मला माहीत आहे. त्यांना सांग."

"सेलिन, चारचौघांत..."

"चारचौघांतच. हे दोघं तुझ्या भिडेनं बोलत नाहीत, तू यांच्या भिडेनं बसत नाहीस. किती वर्षं चालायचं हे?"

मास्तर निखारे उकरत बसले. सॅन्टन एकदम ओरडला.

"गुडघे गेले माझे! दोन्ही! बदलायला सांगितलेत, आणि मला भीती वाटते. झालं समाधान?"

सेलिन उठली, त्याच्या हातातलं वल्हं घेतलं, आणि त्याला धरून माझ्यावर बसवलं. असा आदळला की माझी चौकट करकरली. ज्याचं नाव पाठीवर वागवलं, तो माणूस पहिल्यांदा माझ्या झोळीत आला.

मास्तर म्हणाले, "मला साधं विचारता आलं नाही रे, सॅन्टन. नाव घालत बसलो."

"नावानंच घात केला, मास्तर. वाटलं, म्हातारा म्हणून पाटी लावलीत."

चहा झाला, आग बसत आली, तंबूत जायची वेळ झाली. आणि मग ती घडी आली, जिला तो तीन वर्षं भीत होता. माझे पाय वीतभर. त्यानं एकदा जोर केला, नाही जमलं. दुसऱ्यांदा केला. मग त्यानं दोन्ही हात पुढं पसरले, लहान मूल पसरतं तसे.

"धरा रे कुणीतरी. मला एकट्याला जमत नाही."

जितेंद्र इतक्या झटक्यात उठला की त्याच्या हातातला उरलेला चहा त्याच्याच पायावर सांडला. "अंकल, मी आहे ना," म्हणत त्यानं दोन्ही हात धरून ओढलं. सॅन्टन उभा राहिला तरी त्यानं हात सोडले नाहीत. "पुढच्या वर्षी तुम्ही मधे बसा. वल्ही आम्ही मारतो. अन् कामंबिमं काही नव्हती मला या वर्षी. सॉरी, अंकल."

"मला माहीत आहे," सॅन्टन म्हणाला.

मार्चमध्ये उजवा गुडघा झाला, डावा दिवाळीनंतर. डॉक्टरांनी बजावलंय, अजिबात खाली बसायचं नाही, कसल्याही बुटक्या खुर्चीवर नाही. म्हणजे बघा माझं नशीब! तो बसायला तयार झाला, तर आता मला मनाई. मास्तर म्हणतात, नवे लांब पाय लावून देतो. लावतील तेव्हा लावतील.

तुम्हाला एवढंच सांगते, कुणी उभा दिसला तर त्याच्या नावाची खुर्ची करू नका. पाय दुखतात का, एवढं विचारा. लाकूड वाचेल.

मी हल्ली ओटीवर असते. रोज संध्याकाळी मशीन बंद करून सेलिन येते आणि माझ्यावर अंग टाकते. सॅन्टन वॉकर घेऊन दारात येतो, चहा मागतो. ती डोळेसुद्धा उघडत नाही.

"थर्मासमध्ये आहे, घे. मला उठवू नको. थकलेय मी."

तो एका हातानं वॉकर धरून दोन पेले भरतो, आणि एक तिच्यासाठी माझ्या बाजूच्या खिशात ठेवतो.